ठिपके पसरले त्याची गोष्ट

प्रिय रंगाऱ्या,

रंगाच्या कारखान्यात गेलास म्हणून हे नाव मी ठेवलं, पण दोन वर्षांत ते तुझ्या तोंडावर म्हणायची संधी काही मिळाली नाही. आईंचे गुडघे आता कसे आहेत? त्यांच्यासाठी नोकरी बदललीस, त्याबद्दल तुला कुणी बोल लावणार नाही. मीही नाही. फक्त प्रयोगशाळेत तुझ्या टेबलाकडे पाठ करून बसायची सवय लावून घेतली.

आधी बातमी. ठिपके पसरले. प्रथिन गुंडाळून पेशीत न्यायला तू बनवलेल्या, जाताना ठेवलेल्या शेवटच्या पॉलिमरनेच ही करामत केली. याची पकड ढिली आहे, प्रथिन वाटेतच सांडेल, असं म्हणून सरांनी बाजूला टाकलेला तोच. आठवतं, पहिल्या वर्षी पेशींच्या आत आपल्या चमकत्या प्रथिनाचे हिरवे ठिपके दिसले आणि आपण आनंदानं अख्ख्या मजल्याला चहा पाजला? मग सरांनी समजावलं की पेशीनं आपलं पुडकं गिळलं खरं, पण आतल्या पिशवीत डांबून ठेवलंय. ठिपके दिसताहेत तोवर प्रथिन कामाला लागलेलंच नाही. तुझं तोंड एवढंसं झालं होतं. पुढे आपण पॉलिमरची प्रत्येक साखळी प्रथिनाला आधीच्यापेक्षा घट्ट धरणारी केली आणि दर वेळी तेच ठिपके पाहिले. आत पोचल्यावर सोडायचंही असतं, हे तुला शेवटी सुचलं, आणि तू निघून गेलास. गेल्या महिन्यात एका दुपारी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं, तर पेशी कडेपर्यंत सारखी हिरवी, प्रथिन पिशवीतून सुटलेलं. मी तिथेच रडले. पेशींच्या खोलीत मास्क असतो, ते बरं.

घरी वहिनी म्हणते, किती वर्षं पेशींनाच खाऊपिऊ घालणार, जरा माणसांचंही बघ. दादा पेपरामागे तोंड लपवून हसतो. मी हसण्यावारी नेते. पण रात्री अंथरुणावर पडलं की तुझा आवाज आठवतो, विशेषतः काचेचं भांडं फुटल्यावर दुसऱ्याच कुणावर ओरडायचास तो.

जाताना तू म्हणाला होतास, काम अडलं तर बोलाव, मी येईन. तुझ्या पॉलिमरची बाटली संपत आली तेव्हा मला, खोटं कशाला बोलू, बरंच वाटलं. दुसऱ्याला हा पॉलिमर जमणं कठीण, अशी माझी खात्री होती. पण तुझ्या जागी आलेल्या मुलीनं तो पहिल्याच फटक्यात बनवला, तुझ्याइतकाच चांगला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, आणि मग उगीचच तिच्यावर दिवसभर चिडचिड केली. बिचारीला अजून कळलेलं नाही, तिचं काय चुकलं ते.

सरांनी तुला अभिनंदन कळवायला सांगितलंय. तेवढं फोनवर झालं असतं. काम आता तुझ्यावाचून सुरळीत चाललंय, तुला बोलवायला माझ्याकडे एकही सबब उरलेली नाही, म्हणून हे लिहायला बसले. तू ये. मला तू हवा आहेस. आईंना घेऊन ये, नाहीतर मी तिकडे येते. पेशी कुठेही वाढवता येतात. आणि यायचं मनात नसेल तर तसं स्पष्ट लिही, म्हणजे दार वाजलं की मान वर करायची माझी खोड तरी मोडेल.

अजूनही तुझीच,
पेशीवाली