कडीचा डबा

बाई, तुमचा पितळी कडीचा डबा हरवला तेव्हा तुम्ही तोंडानं काही बोलला नाहीत, पण चारचौघींत माझ्याकडं असं बघितलंत की दूध ढवळता ढवळता माझा हात थांबला. मी रुसून घरी बसले, तर बोलवायला स्वतः आला नाहीत, लेकीला पाठवलंत. तुम्ही जाऊनही आता वर्षं झाली, तरी ते माझ्या मनातून जात नाही. असो. आता नमस्कार घ्या.

दुष्काळाचं साल होतं. पूर्वेकडची माणसं जनावरं घेऊन कसबा बावड्याच्या माळावर पालं ठोकून राहिलेली. तुम्ही बालवाडीच्या बाई, म्हणून मदतीचं दूध तुमच्याकडं यायचं, दूध म्हणजे परदेशातली भुकटी, पोत्यांतून. मी दुसरीपर्यंत शिकलेली, तुमच्या हाताखाली चुलीपाशी. भुकटी गरम पाण्यात कालवायची, डब्यांत भरायची, पालापालातून पोचवायची. भांडी पुरेनात तेव्हा तुम्ही घरचे डबे काढलेत, तेवढं कबूल.

कडेच्या पालात एक लेकुरवाळी होती. मांडीवर वर्षाची पोर, नुसती हाडं. पहिल्या दिवशी तिच्याकडनं डबा परत आला तो मूठभर तांदुळजा घालून, उसाच्या बांधावर खुडलेला. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत द्यायचं नाही, हे तिला तिच्या आईनं शिकवलेलं, मला माझ्या. तुम्ही ती भाजी बाहेर टाकलीत आणि तिला म्हणालात, "अहो, हे फुकट आहे! काही परत द्यायचं नाही." तुम्हाला वाटलं, तिचं ओझं हलकं केलं. दुसऱ्या दिवसापासून ती दूधच घेईना. "पोट भरलंय आमचं," म्हणते, आणि पोर तर रडायचंसुद्धा विसरलेली.

तीन दिवस तुम्ही एकच म्हणत होता, "माज आहे, दुसरं काय." चौथ्या दिवशी तुम्हाला न विचारता मी तिच्या पालासमोर जाऊन ओरडले, "काय गं, मागं शेण्यांचा ढीग रचलायस, आणि आमची चूल पेटंना झालीया. जळण काय तुझा सासरा आणून देणार हाय व्हय?"

ती उठून बसली. "किती पायजेत?"

"चार. आधी डबा धर की!"

त्या दिवशी पोर अर्धी वाटी दूध प्याली. शेण्या बघून तुम्ही नाक मुरडलंत, पण चुलीत सारल्यात. आठवड्यात सगळ्या पालांतून शेण्या यायला लागल्या आणि तुम्ही स्वतः पदर खोचून त्या रचत होता. तेव्हा मी तुम्हाला मनात मानलं. तोंडानं कधी सांगितलं नाही.

काल दारात एक धडधाकट पोरगी उभी. "आजी, आईनं डबा दिलाय. उशीर झाला म्हणाली. आणि चूल पेटती का इचारलंय." तोच डबा, गळ्यापर्यंत जोंधळे भरलेला. ही पोरगी आता तिच्या गावात बालवाडी चालवते म्हणे.

बाई, डबा मीच दिला होता. तिचं पाल उठलं त्या दिवशी, वाटेला म्हणून भुकटी भरून. तिला म्हटलं, परत आणून द्यायचा हाय, ध्यानात ठेव. परत द्यायचा म्हणजे पोरीला घेऊन जगावं लागणार होतं की. तेव्हा तुम्ही माझ्याकडं बघितलंत, ते काही चुकीचं नव्हतं.

आता डबा तुमच्या घरी पाठवायचाय, रिकामा कसा पाठवू? हे पत्र काही कुठं जायचं नाही, डब्याखालीच राहील. पण आत काय घालू ते सांगा. आणि उत्तर तुम्हीच द्यायचं, लेकीला पाठवायचं नाही.