पलंगाखालच्या दोन सीडी

धोंडीराम,

तू ड्युटीवरून येशील तेव्हा माझं विमान सुटलेलं असेल. काल जेवताना सांगणार होतो, जीभच उचलली नाही. डाळ कुकरमध्ये आहे, भात तेवढा लाव.

माझ्या पलंगाखाली बिस्किटांच्या डब्यात दोन सीडी आहेत. कटिंग मशीनचा कॉम्प्युटर बंद पडला की ह्याच लागतात, कारण त्या मशीनला जुनी विंडोजच चालते. मागे दुकानवाल्याने नवी टाकली, तर चार दिवस वर्कशॉप बंद होतं. एक नंबरची सीडी घाल आणि पडद्यावर इंग्रजी ओळ आली की लगेच कुठलंही बटण दाब. उशीर झाला तर पुन्हा पहिल्यापासून. मागेल तो नंबर डब्याच्या झाकणावर लिहिलाय. विंडोज बसली की दोन नंबरची घाल, ती मशीनची आहे. दोन तास जातात, वैतागू नको.

सीडी साहेबाच्या हातात देऊ नको. ज्याच्याकडे सीडी, त्याला कंपनी घरी पाठवत नाही. मी नऊ वर्षं अशीच काढली. आता कंबरच साथ देत नाही, म्हणून आपणहून निघालो.

तुझ्या भावाने, बाबूने, मला दोनदा विचारलं होतं, "दादा, मला शिकव." मी म्हणालो, सीडी हरवल्या. पुढच्याच महिन्यात आम्हा दोघा ऑपरेटरांपैकी एकाला काढायचं ठरलं, आणि नाव त्याचं आलं.

जाताना तो माझ्या पाया पडला होता.

रामेश्वर