पिंपाला गुंडाळलेली शाल

मंगळवार, १४ ऑक्टोबर. गेर्लिंगेन

संध्याकाळी केलरमध्ये, म्हणजे तळघरात, उतरलो, तर माझ्या बिअरच्या पिंपाला हिची शाल गुंडाळलेली! थर्मामीटर सव्वीसवर. यीस्टला एकोणीस पुरे. एवढ्या उबेत पेल एल बिअरची चव बिघडते.

"अहो, इडलीचं पीठ थंडीत गुंडाळतोच की! हेही आंबायचंच ना?" ही म्हणाली.

मी पिंपाला भोक पाडून नळ बसवला, तांब्याची नळी वळवली, तेव्हा बाईसाहेब 'दारूच ती' म्हणून फिरकल्यासुद्धा नाहीत. आणि आज स्वतःची शाल!

सांगावं का? सव्वीस म्हणजे... "छान आंबलंय, आता पुरे," म्हणत शाल काढली. खोटंच बोललो. बिअर काय, पुन्हा लावीन. पण तुझं चुकलं म्हटलं, तर ही परत खाली यायची नाही.