डाव्या बाजूने बोललेलं

मुळगाव, डिचोली
९ नोव्हेंबर १९९४

ती. दादा,
सुमंगलाचा नमस्कार.

"वरसून काय दिसणा नाय, मगे रडतंस कित्याक?" आई हे मला एकदाच म्हणाली, एकवीस वर्षांपूर्वी, आपल्या पेडण्याच्या घरात. तू तेव्हा पडवीत वहाणा घालत होतास. तुला ते पुरतं ऐकू गेलं असेल. मला अर्धंच आलं.

आम्ही बरे आहोत. यांची खाणीवरची ड्यूटी पुन्हा सकाळची झाली. भात कापून झालं. भाऊबीजेला तू आला नाहीस, तुझ्या जानकीबरोबर साडी पाठवलीस, ती मिळाली. रंग चांगला आहे. वीस तारखेला, रविवारी, जानकीला न्यायला येतोस असं लिहिलंस, म्हणून हे पत्र.

आमचा तांबू बोका दुखण्यातून उठला. दिवाळीच्या आधी शेजारच्या बोक्याशी मारामारी करून आला होता. मी बघितलं, कुठे रक्त नाही, लंगडत नाही. मग तो बांगड्याचं डोकंही खाईना, दिवसभर एका कुशीवर पडून. मी त्याला आळशी म्हटलं. चौथ्या दिवशी जानकीने उचलला तर तिलाच चावला, आणि अंगाला घाण वास.

गुरांच्या डॉक्टरांनी मानेवरचे केस कापले. खाली सुई टोचावी तशी दोन भोकं, तीही मिटलेली, आणि आत लिंबाएवढा पू. ते म्हणाले, मांजराचा दात बारीक असतो, कातडी वरून दिवसभरात बंद होते, घाण आत राहते. बाहेर फिरणाऱ्या मांजराला नुसतं बघू नये, रोज हात फिरवून चाचपावं. आता जखम आतून भरेपर्यंत वरून मिटू द्यायची नाही. मी सकाळ-संध्याकाळ मिठाच्या पाण्याने धुते. तो ओरबाडतो. माझे हात बघशीलच.

सोमवारी जानकीच्या केसांना तेल लावत होते. डाव्या कानामागे बोट गेलं तशी तिने मान काढून घेतली, तांबूसारखी. केस बाजूला केले तर सुपारीएवढी सूज.

"आत्ये, काय नाय. कपाटाचं दार लागलं."

दादा, मी विहिरीच्या काठावर पडले असं सांगितलं होतं. लग्नात यांना, पुढे सासूबाईंना.

तुला आठवत नसेल. मुळगावच्या स्थळाला मी नाही म्हटलं होतं, आणि तू एकच थप्पड मारलीस. वर काही उमटलं नाही. आठ दिवस कानातून पाणी येत राहिलं, आई कोमट तेल घालायची. मग पाणी थांबलं, आणि ऐकू येणंही. मी लग्नाला हो म्हटलं. हे माणूस म्हणून चांगले निघाले, त्यामुळे तुझी थप्पड सगळ्यांना बरोबरच वाटली. हे नेहमी माझ्या उजव्या बाजूला येऊन बोलतात. कान कशाने गेला, ते त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. तुम्ही मात्र मला शिष्ट म्हणता, हाक मारली तरी वळत नाही म्हणून. दरवर्षी तू पाटावर बसलास, मी ओवाळलं, आणि तू काय पुटपुटलास ते विचारलं नाही.

हे सगळं मी सोमवारी पहिल्यांदा कुणाला सांगितलं, जानकीला. तिने तेलाची वाटी बाजूला सरकवली. मग म्हणाली, "म्हणजे मे महिन्यात तुला ऐकूच आलं नव्हतं?"

मे महिन्यात आम्ही दोघी गरे काढत बसलो होतो. ती माझ्या डावीकडे होती. काहीतरी बोलली, मी मान हलवली आणि म्हटलं, असू दे, होतं असं. मला वाटलं, फणस कच्चा निघाला म्हणते. ती सांगत होती, बाबा मारतात, वास्कोच्या स्थळाला हो म्हण म्हणतात, मी तुझ्याकडे राहू का.

सहा महिने ती समजत होती की आत्येने ऐकलं आणि असू दे म्हणाली.

हे मी तुला कसं माफ करू, ते मला कळत नाही. कानाचं केलं होतं.

वीस तारखेला ये. स्थळाकडच्या कुणाला आणू नकोस. राहिलेली भाऊबीज करू, पाट मांडून ठेवते. माझ्या उजव्या बाजूला बस. आणि ओवाळण्याआधी जानकीच्या देखत एवढंच म्हण, "मी मारलं. सुमंगलालाही आणि हिलाही." माफी नको, कारण नको. मग ती तुझ्याबरोबर यायचं की नाही ते ठरवील, आणि ती ठरवील तेच होईल.

तू म्हणणार नाहीस. हसशील, जुनी मढी उकरते म्हणशील, चहा मागशील. मुरगावच्या गोदीत शंभर माणसांवर ओरडणारा तुझा आवाज हे पाच शब्द काढताना बसेल, हे मला ठाऊक आहे. तरी मागते.

तुझी बहीण,
उजव्या कानाने वाट बघणारी,
सुमंगला