आमसुलांची सोलं झाली

वैशाख वद्य तृतीया, सदाशिव पेठ, पुणे

धाकटी जाऊ चिपळूणकडची. माघात लग्न होऊन घरात आली, आणि आमच्या आमसुलांची सोलं झाली. पहिल्याच दिवशी मी हसून सांगितलं होतं, "अगं, इथे आमसुलं म्हणतात." तिने नुसती मान हलवली. आज सासूबाईच मला म्हणाल्या, "ती सोलांची बरणी दे पाहू." सासूबाई, ज्यांचं माहेर वाईचं.

दुपारी पंगतीत मामंजींनी तिची नारळाच्या दुधातली कढी पुन्हा पुन्हा मागून घेतली. मी चिंचगुळाची आमटी घेऊन उभी, पण पळी बुडवायची वेळच आली नाही. लग्न होऊन आल्यापासून हीच आमटी वाढते आहे, तेव्हा सगळे बोटं चाटायचे. एवढा नारळ ओतला तर काहीही गोड लागेल, त्यात कसब ते काय? कढीचं एक वेळ सोडून देईन. पण सोलं? ते जास्त झोंबलं.

संध्याकाळी स्वारी फडावरून, दिवसभराची कारकुनी आटोपून, घामाघूम होऊन आली. निदान इकडून तरी आमटीची चौकशी होईल असं वाटलं. तर म्हणणं झालं, "सोलांचं सरबत आहे का थोडं?"

"आमसुलांचं आहे," म्हटलं आणि करून दिलं. साखर घातली नाही.