जाग्यावर पल्टी गँगमधलं पावणं

४ जाने., रविवार

सकाळी आठ ते दहा मोबाइलवर खेळलो. तीनदा मेलो. एकदा विहिरीजवळ, एकदा जिन्यात, तिसऱ्यांदा कळलंच नाही. चष्म्याचा नंबर वाढलाय.

गँगमध्ये येऊन महिना झाला. गँगचं नाव 'जाग्यावर पल्टी'. माणसं सत्तावीस, सगळी कोल्हापूर आणि आसपासची. बंदुकीपेक्षा तोंडानं जास्त मारतात. मी तिथं 'पावणं' नावानं आहे. माईक बिघडलाय असं सांगून नुसतं टाइप करतो. आवाज ऐकला तर चि. लगेच ओळखेल.

चि. म्हणजे मुलगा. नाव लिहीत नाही. त्याचं नाव तोंडात घेणार नाही, अशी दोन वर्षांपूर्वी बिरोबाच्या देवळात शपथ घेतलीय, तळहातावर भंडारा घेऊन. वहीत लिहिलेलं चालतं का हे विचारायचं राहिलं. विषाची परीक्षा कशाला घ्या.

गँगमध्ये तो 'गवा'. हा खेळ लॉकडाउनात त्यानंच मला शिकवला, तेव्हापासून त्याचं हेच नाव. त्यामुळं शोधायला फार वेळ लागला नाही. तेव्हा शेजारी बसून म्हणायचा, "आण्णा, पळू नका, आडवं पडा."

दोन वर्षांनी त्याचा आवाज ऐकला तो इथं. पहिलं वाक्य, "आरं खुळ्या, मागं बघ की!" मला नव्हतं, भडंगला होतं. भडंग म्हणजे जयसिंगपूरचा एक वात्रट. तरी मी घरात बसल्या बसल्या मागं बघितलं.

७ जाने.

संध्याकाळी खेळ कमी, राजकारण जास्त. भडंगनं लिहिलं, "आपल्या आबांना गेममधी घेऊया. गोळी लागायच्या आधी टीम बदलतील." सगळे खदखदून हसले.

माझी तळपायाची आग मस्तकात. कारखान्यात टाइमकीपर म्हणून चिकटलो ते आबांच्या चिठ्ठीवर. तीस वर्षं त्यांच्या मागं फिरलो. अंगठा दुखेपर्यंत टाइप केलं. रस्ता कुणी केला, पाणी कुणी आणलं, दवाखाना कुणाचा.

भडंग: "पावणं आबाचा चमचा निघालं की."

मग गवा: "जाऊ दे रे. आमच्या घरात पण एक होता."

होता!

सौ.नं जेवायला हाक मारली. नको म्हटलं.

११ जाने., रविवार



खेळात चि. आणि मी एकाच घराच्या दोन खिडक्या धरून बसलो होतो. एवढ्यात त्याच्या माईकवर लहान पोर रडल्याचा आवाज. तो म्हणाला, "थांबा रं एक मिनिट, पोरगी उठली."

मी खिडकीत उभाच राहिलो. गोळी लागली. भडंग ओरडत होता, "पावणं, हला की!"

स्वयंपाकघरात गेलो. सौ. भाकरी थापत होती. विचारलं, "तुला म्हाईत हाय?" थापणं थांबलं नाही. म्हणाली, "व्हय. अठरा दिवसांची हाय. अडीच किलोची झालती. नाक तुमच्यावर गेलंय."

"मला सांगितलं न्हाईस?"

"तुम्हीच म्हणालता, ह्या घरात त्याचा विषय नको."

बरोबर आहे, मीच म्हणालो होतो. तिनं फोनमधला फोटो दाखवला नाही आणि मला मागायचा धीर झाला नाही. दुपारी ती झोपल्यावर फोन हातात घेतला, पण कुलपाचा नंबर माहीत नाही. तीन वेळा चुकल्यावर फोनच थोडा वेळ बंद पडला. नातीचं तोंड बघायला स्वतःच्या घरात चोरी करायची वेळ आली.

१४ जाने., संक्रांत

वडगावला गेलो होतो. वेशीपाशी नवीन फ्लेक्स लागलाय. आबा आणि बापू, हातात हात. वर 'विकासासाठी एकत्र'.

भर उन्हात त्या फ्लेक्सखाली उभा राहिलो. दोन वर्षांपूर्वीची दूध संस्थेची निवडणूक डोळ्यांपुढं आली. आबांचं पॅनेल विरुद्ध बापूंचं. मी आबांकडून उभा. मत घरातच राहील म्हणून चि.च्या हातावर मीच भंडारा ठेवला होता. मतमोजणी झाली त्या संध्याकाळी तो आपणहून पुढं आला. "आण्णा, मी तुमाला मत दिलं न्हाय."

तीन मतांनी पडलो होतो. एक घरातलं. बाकीची कुणाची गेली ते मी आजवर शोधलेलं नाही. त्याचं मत मिळालं असतं तरी पडलोच असतो, हा हिशेब तेव्हा सुचला नाही. म्हटलं, "ह्या घरात तुझं पान वाढायचं न्हाय." तो गेला, त्याच्यामागनं सून गेली. आणि मी देवळात जाऊन शपथ घेऊन आलो.

आता आबा-बापू एका गाडीतनं फिरतात. त्यांचं भांडण मिटलं, माझं तेवढं राहिलं. आबांनी मला साधं कळवलंही नाही. फ्लेक्सवरनं कळलं!

सौ.नं तिळगूळ हातावर ठेवला.

१६ जाने.

आज गँगमध्ये मी आबांवर पहिला विनोद टाकला. "आबांच्या गाडीला मागं बघायचा आरसाच न्हाय, मागं कोण राहिलं ते बघायची सवय न्हाय."

सगळ्यांनी डोक्यावर घेतलं. भडंग म्हणाला, "पावणं सुधारलं." आणि गवानं माईकवर हसून सांगितलं, "नाद खुळा, पावणं!"

तीस वर्षं खाल्लेल्या मिठाची लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. त्याचं हसू ऐकायला मी आणखी चार टाकले. शेवटचा फारच घाण होता, इथं लिहीत नाही.

१८ जाने., रविवार

गँगच्या म्होरक्याचं लग्न झालं, त्याला आता वेळ नाही. म्हणून निवडणूक! थट्टाच, पण पोरांनी सगळं रीतीनं मांडलंय. भडंगची 'बंदूकदेवी विकास आघाडी' विरुद्ध गवाचं 'परिवर्तन पॅनेल'. चिन्ह, जाहीरनामा, एकमेकांवर चिखल, सगळं.

मी गवाकडं. नऊ जण कुंपणावर होते. गवा म्हणाला, "ही फुटणार." मी टाइप केलं, "सहलीला न्या." म्हणजे मतदानापर्यंत त्या नऊ जणांना खेळातल्या एका वेगळ्या खोलीत घालायचं, पासवर्ड आपल्याकडं, विरोधकाला त्यांच्याशी बोलताच येऊ नये. गावात लोकांना महाबळेश्वरला नेतात तसंच. पोरं लोळायची बाकी राहिली.

गवा: "पावणं, तुम्ही मुरलेलं दिसताय. आजपासून तुम्ही माझं निवडणूकप्रमुख."

माझ्या मुलाचा निवडणूकप्रमुख मी. वहीत दोनदा लिहावंसं वाटतंय.

२१ जाने.

घात केला. माझ्या हातानं.

मतदान तोंडावर आलेलं. खोलीत ते नऊ जण, गवा आणि मी. कुणीतरी म्हणालं, ह्यांचा भरवसा काय? आणि माझा अंगठा आपोआप चालला. "भंडारा उचलायला लावा. हळद घ्या हातावर, फोटो टाका."

तीस वर्षांची सवय, दुसरं काय.

पोरांना गंमत. धडाधड पिवळे तळवे यायला लागले. एकानं तर मॅगीचा मसाला घेतला होता. गवाचं काहीच येईना. मग माईकवर आला, आवाज एकदम खाली. "हात धुवा. माझ्या पॅनेलमधी शपथ न्हाय. ज्याला जिकडं टाकायचं तिकडं टाका."

"काय झालं रं?" कुणीतरी विचारलं.

तो सांगत गेला. "आमच्या आण्णांनी माझ्या हातावर ठेवलता. अकरा माणसांत. न्हाय म्हणालो असतो तर त्यांची मान खाली गेली असती, म्हणून उचलला. मत त्यांच्या विरोधात उभ्या असलेल्या बाईला दिलं. बाई कामाला पक्की होती. आण्णांना दुधाचं फॅट बघायचं मशीनसुद्धा चालवता येत न्हाय."

पोरं हसली. खोटं नाही, खरंच येत नाही.

"आणि त्याच संध्याकाळी जाऊन सांगितलं, दुसऱ्याकडनं कळू नये म्हणून. वाटलं, चिडतील, चार दिवस बोलणार न्हाईत. दोन वर्षं झाली."

"मग फोन कर की."

"लई केलं. लागतच न्हाय."

कसा लागेल? मीच त्याचा नंबर बंद करून ठेवलाय. मला वाटायचं, तो करतच नाही.

दोन वर्षं मी 'मत दिलं न्हाय' एवढंच ऐकत बसलो. तो सांगायला आला होता, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. खोली रिकामी झाली तरी मी फोन धरून बसून होतो.

२२ जाने.

नंबर उघडला. दिवसभर फोन समोर ठेवला. दोनदा वाजला. एकदा कर्ज पाहिजे का विचारणारी बाई, एकदा आबांचं रेकॉर्ड केलेलं भाषण.

मीच का लावत नाही? लावून काय म्हणणार? हॅलोच्या पुढं नाव येतं, आणि ते बिरोबाकडं अडकलंय.

संध्याकाळी गवाचा मला एकट्याला निरोप. "पावणं, तुमचं गाव कंचं?"

गडमुडशिंगी म्हणून ठोकून दिलं.

उत्तर आलं, नुसतं "बरं."

२५ जाने., रविवार

गवा आला नाही. निवडणूक भडंगनं जिंकली. सहलीला नेलेल्या नऊ जणांतली सात मतं त्याला. भडंगनं विचारलं, "निवडणूकप्रमुख, कसं वाटालंय?" 'सवय हाय,' असं लिहिलं. पुन्हा हशा.

गवाच्या नावापुढचा हिरवा ठिपका दिवसभर लागला नाही. ओळखलं असेल. ओळखून गेला असेल. एवढी एक खिडकी होती, तीही माझ्याच अंगठ्यानं बंद केली. सौ. दोनदा म्हणाली, ताप आलाय का बघू. ताप नाही.

२८ जाने.

आला!

गँगमध्ये सगळ्यांना निरोप. "रविवारी पोरीचं बारसं. राजारामपुरीत, घरीच. गँगनं यायचं. जेवूनच जायचं." पत्ता, नकाशा.

खाली वेगळी ओळ. "पावणं, तुमी पण."

ही ओळ शंभर वेळा वाचली. बाकी कुणाचं नाव वेगळं घेतलेलं नाही. ओळखून बोलावलंय की निवडणूकप्रमुख म्हणून? आणि ओळखून बोलावलं असेल तर कशाला, चार माणसांत दार दाखवायला? मी त्याला चार माणसांतच दाखवलं होतं. फिटंफाट झाली तर तक्रार करायला मला तोंड नाही.

३१ जाने.

दुपारी देवळात गेलो. गुरव म्हणाला, शपथ मोडायची असंल तर नारळ ठेवा, देव काय म्हणत न्हाय. मी म्हटलं, पोरानं शपथ मोडली तवा मला हे का न्हाय सांगितलं? तो म्हणाला, "तुम्ही इचारलं कुठं?"

नारळ ठेवला. तरी नाव तोंडातून येईना. गाभाऱ्यापुढं नुसते ओठ हलवून आलो.

सौ. म्हणाली, "उद्या बहिणीकडं जातो मी, इचलकरंजीला." पेटीतनं हिरवी साडी काढून ठेवलीय. मी म्हटलं, मला वडगावला काम हाय. माझ्या खिशातल्या पिशवीत चांदीचे वाळे आहेत, हे तिला माहीत नाही.

१ फेब्रु., रविवार

हे रस्त्यावरच्या कट्ट्यावर बसून लिहितोय. समोर त्याची बिल्डिंग.

सकाळी कोल्हापूरच्या एसटीत मागं जाऊन बसलो. पुढच्या बाकावर हिरवी साडी. इचलकरंजीची बहीण! मी खिडकीकडं तोंड केलं. कंडक्टर आला, पैसे काढले, तर म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. पुढं बसल्यात त्या मावशींनी तुमचं पण काढलंय." तिनं मागं वळूनसुद्धा बघितलं नाही. उतरल्यावर झपाझप पुढं गेली, मी पन्नास पावलं मागं राहिलो. ती जिना चढून गेली. मी कट्ट्यावर.

तासभर होत आला. गँगची पोरं येताहेत, आवाजावरनं ओळखतोय. भडंग वाटला होता त्याहून बुटका आहे. दोनदा जिन्यापर्यंत जाऊन परत आलो. कपाळावरचा घाम पुसून पुसून रुमाल भिजलाय. घरी परतायचं म्हटलं तर आता एसटीही दोन तास नाही.

पत्ता सापडावा म्हणून त्यांनी गेममधली बोलायची खोली चालू ठेवलीय. कानात बायकांचा गलका येतोय, मधेच पोरीचं रडणं. गवाचा आवाज आला, "कोण कोण ऱ्हायलं? पावणं, कुठवर आलाय?"

'खाली हाय' असं टाइप केलं. पुसलं.

माईकचं बटण दाबलं. दोन महिन्यांत पहिल्यांदा. आधी नुसता खाकरलो. मग म्हणालो, "सुशांत."

तेवढंच.

पलीकडं गलका चालू आहे, ताट-वाट्या वाजताहेत. पोरीचं रडणंही थांबलंय. भडंग विचारतोय, "आरं, गवा कुठं गेला? आत्ता हितं हुता की."

माईक चालूच ठेवलाय. जिन्याकडं बघतोय. अजून तरी कुणी उतरलेलं नाही.