कंदिलाची कविता

औरंगाबाद, दि. ५ ऑक्टोबर १९९७

॥ श्री ॥

चि. सौ. आशास नानामामाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तू ग्रामपंचायतीला उभी राहतेस हे मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. स्टँडापासून वस्तीपर्यंतच्या अंधाऱ्या वाटेवर तुझ्या सासूबाईंना, साळूबाईंना, पावसाळ्यात साप चावला. जीव वाचला, पाय अधू झाला. त्या वाटेला विजेचे खांब हवेत, एवढ्यासाठीच उभी राहते म्हणतेस. शाबास! मी तर दिवस मावळायच्या आत परतीची एस.टी. गाठणारा भित्रा. तुझ्याकडं कधी मुक्काम केला नाही, तो त्या वाटेपायीच.

कंदील निशाणी मागणार, आणि त्यावर मामानं कविता करायची! अगं, पोलीस ॲक्शननंतर आमच्या शाळेत उर्दू जाऊन मराठी आली, गुरुजींनी पहिली कविता चालीवर म्हणून घेतली, तेव्हापासून मी बिघडलेलाच आहे. ही घे, जात्यावरच्या चालीत बसेल:

घ्या गं कंदील हाती, सयांनो, घ्या गं कंदील हाती,
पायाखाली काय सळसळे, उजळा वाटेची माती.

कडूबा जावयांना म्हणावं, हसू नका. लोभ आहेच, तो मतपेटीत मोजू नये.

तुझा नानामामा

---

खडकवस्ती, पोस्ट पाचोड, दि. १४ ऑक्टोबर

ती. नानामामांस आशाचा शिरसाष्टांग नमस्कार.

मामा, घोळ झाला. कंदील मीही मागितला अन् सगीराभाबीनंही. ती आपल्याच गल्लीतली, निजामुद्दीन टेलरची बायको. चिठ्ठी काढली, कंदील तिला गेला. मला इस्त्री! हे म्हणाले, चला, निदान माझा सदरा तरी कडक होईल. लई राग आला.

तुमची कविता तशीच पडून होती. मग तिच्याकडं गेले अन् विचारलं, निवडून आलीस तर खांब बसवशील का. ती म्हणाली, माझी लेक त्याच वाटेनं जाती, बसवल्याबिगर गप बसणार नाय. मग दिली तिला कविता. आता तिच्या बायका गल्लीगल्लीत म्हणतात, अन् चाल मीच शिकवली. सासूबाई म्हणतात, असली खुळी उमेदवार जन्मात बघितली नाय.

रागावू नका. इस्त्रीवर काही जमलं तर पाठवा. माया अशीच ठेवा.

आशा

---

औरंगाबाद, दि. १९ ऑक्टोबर

॥ श्री ॥

चि. सौ. आशास अनेक आशीर्वाद.

तुला झाडायलाच कागद घेतला होता. तेवढ्यात तुझ्या मामीनं विचारलं की कविता आशासाठी केली होती का उजेडासाठी, आणि चहा ठेवून निघून गेली. चहा निवला, राग निवला.

बावन्न सालापासून निवडणुका बघतोय. एकमेकांचे कागद फाडणारे बघितले, पाहुण्यांत बोलणं बंद झालेलं बघितलं. आपलं गाणं समोरच्याला देऊन वर चाल शिकवणारी तूच पहिली. पोरी, कविता मी केली, पण ती कळली तुला.

इस्त्रीवर फार बसलो. ‘मिस्त्री’पलीकडं यमक सापडेना. तरी निवडून तूच यावंस. मामा आहे मी.

नानामामा

---

खडकवस्ती, दि. २२ फेब्रुवारी १९९८

ती. नानामामांस शि. सा. नमस्कार.

नऊ मतांनी पडल्यावर मी पत्रच टाकलं नाय. एक दिवस रडले. सगीराभाबी गुलाल पुसून घरी आली, माझ्याजवळ बसली. पण बाई शब्दाची पक्की. दर मीटिंगला खांब, खांब! सरपंच म्हणाले, दुसरं काही बोला. ती म्हणाली, आधी दिवे, मग दुसरं. दोन मीटिंगांना मलाही ओढत नेलं.

मामा, काल दिवे लागले. सासूबाई काठी टेकत पार स्टँडापर्यंत जाऊन आल्या. बायकांनी तुमची कविता म्हटली, पण बदलून टाकली हो:

ठेवा गं कंदील खाली, सयांनो, ठेवा गं कंदील खाली,
खांबावरती दिवा लागला, वाट उजेडात आली.

तुम्हाला न विचारता केलं. राग आला तर इकडं येऊन बोला.

आशा

---

औरंगाबाद, दि. २६ फेब्रुवारी

॥ श्री ॥

चि. सौ. आशास अनेक आशीर्वाद.

तुझ्या मामीला दोन्ही म्हणून दाखवल्या. तिला बायकांची आवडली. मलाही.

शनिवारी येतो, मुक्कामाला. संध्याकाळच्या शेवटच्या एस.टी.नं येईन, स्टँडावर कुणाला पाठवू नकोस.

तुझा नानामामा